बंद पडलेली जुनी स्पोर्ट्‌स कार पुन्हा रस्त्यावर कशी आणावी

गाडी टोचनवरून उतरली की पहिल्याच संध्याकाळी जंपर लावून सेल मारायचा मोह होतो. मारू नका. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनाचं सगळ्यात जास्त नुकसान त्या पहिल्या सेलनेच होतं. कोरड्या सिलिंडरमध्ये चिकटलेल्या पिस्टनच्या रिंगा ओरबाडल्या जातात, व्हॉल्व्ह हलवणारा, आता कडक झालेला टायमिंग बेल्ट तुटतो आणि टाकीच्या तळाचा गाळ थेट पुढे ओढला जातो. या लेखातला सगळा क्रम त्यासाठीच आहे. आधी कागद, मग चालवणारे भाग, मग थांबवणारे भाग आणि रंग सगळ्यात शेवटी.

माझी गाडी सॅन स्टॉर्म आहे. दोन दारं, दोन सीटा, उघडं छत, फायबरचं अंग आणि रेनोचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन. आपल्या देशात तयार झालेल्या मोजक्या स्पोर्ट्‌स गाड्यांपैकी ही एक. ठाण्याजवळच्या कळव्यात एका इमारतीच्या स्टिल्टखाली ती आठ वर्षं धूळ खात उभी होती. तुमची गाडी दुसरी असेल, पण पायऱ्या बहुतेक याच राहतील.

पैसे देण्याआधी

आरसी बुकावरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः शोधून वाचा. कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की गंजाखालचे आकडेही उमटतात. एक आकडा जरी जुळला नाही तरी व्यवहार थांबवा. कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर तो उतरवल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडीची पासिंग दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, विकणाऱ्याकडूनच आणवून घ्या. मालक हयात आहे, भेटतो आहे, तोवर सह्या घ्या. अर्ध्यावर सोडलेल्या कित्येक गाड्यांची गोष्ट या सह्यांपाशीच अडलेली असते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यापुढे फिटनेस तपासून ती ५-५ वर्षांसाठी वाढवून मिळते. १५ वर्षं झालेली पेट्रोल गाडी रस्त्यावरून हटवण्याची दिल्लीतली अट आपल्याकडे नाही. मात्र २०२५ पासून २० वर्षांपेक्षा जुन्या चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये झालं आहे. त्यावर पर्यावरण कर वेगळा. हा खर्च पहिल्या दिवशीच हिशेबात धरा. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या व्हिंटेज नियमांखाली ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही.

आता गाडी पाण्यात गेली होती का, ते बघा. २६ जुलै २००५ च्या पुरात आपल्या भागातल्या किती गाड्या बुडाल्या, हे इथल्या कुठल्याही जुन्या मेकॅनिकला विचारा. सीटबेल्ट पूर्ण शेवटापर्यंत ओढून काढा. रोजच्या वापरात बाहेर न येणाऱ्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसली, तर त्या उंचीपर्यंत पाणी चढलं होतं असं समजा. गालिचा धुतला जातो, डॅशबोर्ड चकाचक होतो, ही रेघ मात्र राहते.

जागा आणि घोड्या

सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॅटरी बदलता येते, गाडी उघडता येत नाही. कमिटीने परवानगी दिली तरी सांडलेलं ऑइल आणि पेट्रोलचा वास शेजाऱ्यांनी का सोसावा? वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे एमआयडीसीत एखाद्या गाळ्याचा कोपरा भाड्याने मिळतो का ते बघा. आमचा कोपरा वागळेत एका लेथवाल्याच्या शेजारी होता. त्याचा फायदा मला पुढे पदोपदी झाला.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कधीही खाली शिरू नका. चार चांगल्या घोड्या, म्हणजे गाडीचं वजन पेलणारे लोखंडी स्टँड, घ्या, त्या चॅसीच्या मजबूत भागाखाली लावा आणि आत जाण्याआधी गाडी हाताने जोरात हलवून बघा. अंग फायबरचं असलं तरी खाली लोखंड असतंच आणि खाडीच्या हवेत ते आतून खातं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चॅसी ठोकत पुढे जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तिथे रंग खरवडून बघायचं.

काढलेला प्रत्येक नटबोल्ट लगेच पिशवीत टाका आणि पिशवीवर नाव लिहा. काढण्याआधी फोटो, काढल्यावर पुन्हा फोटो. सहा महिन्यांनी तो ब्रॅकेट उलटा होता की सुलटा, हे आठवणार नाही.

इंजिन हाताने फिरवा

प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या चाकाच्या, नटाला लांब दांड्याचा पाना लावा आणि इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने सावकाश फिरवा. अडलं तर जोर लावू नका. अजून ऑइल सोडा, अजून एक दिवस द्या. फिरलं की टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, ऑइल आणि फिल्टर बदला. नवा बेल्ट बसवल्यावर पुन्हा हातानेच पूर्ण दोन फेरे द्या आणि खुणा जुळतात का ते बघा.

टाकीतलं जुनं पेट्रोल वासावरून कळतं. ताज्या पेट्रोलसारखा झणका नसतो, व्हार्निशसारखा आंबट वास येतो. ते पूर्ण काढा, टाकी उतरवा, आत टॉर्च मारा. टाकीला भोक असलं तरी वेल्डिंगचा विचार स्वतः करू नका, रिकाम्या टाकीतली वाफही पेटते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला मऊ करतं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणून पेट्रोलचे सगळे पाइप इथेनॉल चालणाऱ्या जातीचे घ्या. इथे पैसे वाचवू नका, गाड्या जळतात त्या या पाइपांमुळे.

मग प्लग काढलेलेच ठेवून, इग्निशन आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज सोडवून, दहा-दहा सेकंदांचा सेल मारा. ऑइलचा दिवा विझला की ऑइल वरपर्यंत पोचलं. त्यानंतरच प्लग बसवून गाडी सुरू करायची. अग्निशामक हाताशी असू द्या.

ब्रेक

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ब्रेक ऑइल पाणी शोषतं, त्यामुळे बंद गाडीत ब्रेकचे पिस्टन जागीच गंजतात. बाहेरून धडधाकट दिसणारे रबरी होज, म्हणजे ब्रेक ऑइलचे पाइपही आतून सुजलेले असतात. माझ्या पुढच्या डाव्या चाकाचं तेच झालं. पेडल दाबलं की ब्रेक लागायचा, पेडल सोडलं तरी चाक मोकळं व्हायचं नाही. अशा वेळी कॅलिपरचा (चाकापाशी ब्रेक दाबणाऱ्या भागाचा) ब्लीडर निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, किंचित सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब मागे अडकला आहे, म्हणजे दोष होजचा किंवा पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरचा. तरीही चाक अडकलेलंच असेल तर पिस्टन जाम आहे. माझ्या गाडीत दोष होजचा होता. कापून बघितला तर आतलं छिद्र सुई जेमतेम जाईल एवढंच उरलं होतं. चारही चाकांचे होज, सगळी सीलं आणि ऑइल, सगळं नवं घ्या. ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर तिथल्या तिथे पाण्याने धुवा.

सुटे भाग मिळत नाहीत, ही अशा गाड्यांची खरी अडचण. जुना भाग हातात घेऊन कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जा, पण त्याआधी व्हर्नियरने मापं घेऊन वहीत लिहा. गाडीचं नाव सांगितलं तर दुकानदार मान हलवतो. बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि जाडी सांगितली की बेअरिंग आणि ऑइल सील समोर येतात. जे मिळणार नाही ते लेथवर होतं. आमचा शेजारी प्रत्येक वेळी एकच म्हणायचा, “साहेब, नमुना आणा, तोंडी सांगू नका.” ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनमध्ये मात्र कंपनीच्या दर्जाचाच भाग हवा, तिथे जुगाड नको.

टायरला नक्षी भरपूर असली तरी फसू नका. बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१४ म्हणजे २०१४ चा २३ वा आठवडा. दहा वर्षं उलटलेले टायर काढून टाका.

वायरिंगमध्ये आधी अर्थिंग, म्हणजे चॅसीला जोडलेल्या वायरी, बघा. दिवा मंद, काटा थरथरतो, हॉर्न कण्हतो, यातलं बरंचसं अर्थिंगची टोकं घासून स्वच्छ केली की सुटतं. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीला पीळ देऊन टेप गुंडाळू नका, तो तुकडाच बदला.

फायबर आणि रंग

फायबरच्या गाडीवर पत्र्याच्या गाडीची पद्धत चालत नाही. माझ्या गाडीच्या डाव्या दाराचा रंग एका पेंटरने पेंट रिमूव्हर लावून काढला. रंगाबरोबर खालचं, फायबर घट्ट धरणारं रेझिनही मऊ पडलं आणि अख्खं दार आतून पुन्हा लॅमिनेट करावं लागलं. रंग घासूनच काढून घ्या, आणि घासताना चांगला मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या हव्यातच, कारण ती भुकटी काचेची असते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगांवर नुसती पुट्टी भरली तर त्या पुन्हा वर येतात. भेग मुळापर्यंत घासायची, मागून काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिनचा थर द्यायचा, मगच पुट्टी.

हे काम ऑक्टोबर ते मे या काळातच करा. ठाण्याच्या पावसाळ्यात रेझिन नीट सुकत नाही आणि रंगाखाली दमट हवा कोंडते. जून ते सप्टेंबर सीटकव्हर, मीटर, स्टार्टर अशी टेबलावरची कामं काढा. रंग बदलायचा असेल तर आरटीओत आरसीवर तशी नोंद लागते. मी मूळचाच रंग ठेवला.

पहिली फेरी

विमा, पीयूसी आणि फिटनेस झाल्याशिवाय गेटबाहेर पडू नका. पहिले काही दिवस पहाटे, वागळेतल्या रिकाम्या रस्त्यांवर, २० च्या वेगाने फक्त ब्रेक तपासा. मग येऊरच्या चढावर हँडब्रेक धरतो का ते बघा. शेवटी संध्याकाळी तीन हात नाक्याच्या गर्दीत न्या. तिथे पंखा वेळेवर सुरू झाला आणि तापमानाचा काटा मध्यावर थांबला, तर कूलिंगचं काम झालं. ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा. ५०० किलोमीटरनंतर ऑइल बदला, जुना फिल्टर कापून उघडा आणि त्याची घडी उन्हात धरा. काळा गाळ दिसला तर चालेल. चमकणारे कण दिसले तर गाडी पुन्हा घोड्यांवर चढवायची आणि बेअरिंग तपासायचे.