पूल टेबलाचे कापड बदलताना

घरच्या पूल टेबलाचे कापड चेंडू रचण्याच्या जागी इतके विरले होते की हळू मारलेला चेंडू तेथे हमखास वाट सोडत असे. म्हणून मी ते स्वतःच बदलले. बोल्ट सोडवून कडेच्या, चेंडू आदळून परततो त्या कुशनच्या पट्ट्या उतरवल्या आणि जुने कापड स्टेपलसह काढले. सर्वाधिक वेळ द्यावा तो उघड्या पडलेल्या स्लेटला, म्हणजे कापडाखालच्या सपाट दगडी पृष्ठभागाला, कारण तिच्या 3 तुकड्यांमधले सांधे मेणाने भरून पात्याने सपाट केले नाहीत, किंवा एखादा कण जरी मागे राहिला, तरी उत्तम कापडाखालूनही तो चेंडूला जाणवतो. नवे कापड आधी लांबीच्या आणि मग रुंदीच्या दिशेने सारखे ताणत बसवले. खिशांपाशी काप मात्र ताण बसल्यावरच दिले.

आता खेळून झाल्यावर मी मऊ ब्रश एकाच दिशेने फिरवतो आणि चेंडूही पुसतो, कारण खडूची भुकटी सर्वत्र पसरते ती त्यांच्यामुळेच. ही भुकटी धाग्यांना घासून झिजवते, त्यामुळे क्यूच्या (चेंडू मारण्याच्या काठीच्या) टोकाला खडू टेबलावर वाकून कधीही लावू नये, असा माझा आग्रह असतो.