दिवाळी अंक वेबसाइटवर चढवण्याआधी

वसुबारसेला अंक ऑनलाइन यायचा असेल, तर तो सगळ्या फोनवर आणि ब्राउझरांत नीट दिसतो का, ही सगळी तपासणी दसऱ्यापर्यंत हातावेगळी झालेली बरी. दसरा उलटला की जाहिरातदारांचे फोन सुरू होतात आणि मग कुठल्या फोनवर कुठली वेलांटी कापली जातेय हे बघायला कुणाला सवड नसते.

पहिलं काम कागदावरचं. आपले वाचक कशावर वाचतात ते लिहून काढा. आमच्या यादीत निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांच्याकडे मुलाने वापरून दिलेला अँड्रॉइड फोन. वाचनालयातला विंडोजचा कॉम्प्युटर आहे. न्यू जर्सीतली, घरात सगळे आयफोनच असलेली मंडळी आहेत. आणि फायरफॉक्सशिवाय दुसरं काही न वापरणारे एक कवी आहेत, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. ब्राउझरची नावं पंधरा निघतील, पण आतली इंजिनं, म्हणजे पान पडद्यावर मांडणारे भाग, तीनच धरायची. क्रोम, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट आणि जानेवारी २०२० पासूनचं एज, हे सगळे ब्लिंकवर चालतात. फायरफॉक्सचं इंजिन गेको. सफारीचं वेबकिट. आयफोनवरचं क्रोमसुद्धा आतून वेबकिटच असतं, हे नीट लक्षात ठेवा. ॲपलने २०२४ मध्ये आयओएस १७.४ पासून युरोपीय संघात दुसऱ्या इंजिनांना वाट करून दिली, पण आपल्या वाचकांच्या हातातला आयफोन म्हणजे वेबकिट, असंच समजून चालायचं. म्हणजे ‘मी आयफोनवर क्रोम आणि सफारी दोन्हीत बघितलं’ असं कुणी सांगितलं तर ती एकच चाचणी झाली. इंटरनेट एक्स्प्लोररबद्दल कार्यकारिणीत कुणी विचारलंच, तर मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला त्याचा आधार काढून घेतला, एवढं सांगून पुढच्या विषयाकडे वळा.

त्याच कागदाच्या मागे ‘सारखं दिसणं’ म्हणजे काय ते ठरवून घ्या आणि संपादकांची सही घ्या. सही हा शब्द मी गमतीने वापरलेला नाही. आमचं ठरलेलं असं: अक्षरं शुद्ध दिसली पाहिजेत, काही कापलं जाता कामा नये, पान आडवं सरकता कामा नये आणि अंक मागवायचा फॉर्म सगळीकडे चालला पाहिजे. यादीच्या चौकटीचा बाण गोल आहे की टोकदार, बटणाचा कोपरा किती वळलाय, हे ज्या त्या फोनवर सोडून द्यायचं. हे आधी ठरलेलं नसलं की उद्घाटनाच्या रात्री अकरा वाजता दोन फोनचे स्क्रीनशॉट शेजारीशेजारी लावून कुणीतरी पाठवतं.

आता साइटचा पाया. पानाच्या अगदी पहिल्या ओळीत डॉकटाइप, म्हणजे पान आजच्या नियमांनी वाचायला सांगणारी खूण, आहे ना, ते बघा. तो नसला तर ब्राउझर ‘क्वर्क्स मोड’मध्ये जातो, म्हणजे पान जणू १९९०च्या दशकातलं आहे असं समजून मापं काढतो. साइट चालवणाऱ्या वर्डप्रेसची थीम (साइटचा तयार साचा) डॉकटाइप लावतेच, पण एखाद्या प्लगइनची (जोडीला बसवलेल्या छोट्या प्रोग्रॅमची) पीएचपी वॉर्निंग, म्हणजे चूक कळवणारी ओळ, त्याच्याही वर छापली गेली की तोच परिणाम होतो. फायरफॉक्समध्ये पेज इन्फो उघडलं की पान कुठल्या मोडमध्ये आहे ते कळतं. पाठोपाठ अक्षरांचा संकेत सांगणारी यूटीएफ-८ ची ओळ पहिल्या १,०२४ बाइट्सच्या आत आणि पान फोनच्या रुंदीत बसवणारी व्ह्यूपोर्टची ओळ, या दोन्ही आहेत का ते बघून घ्या.

याच पायातली भाषेची खूण बहुतेक जण विसरतात. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये साइटची भाषा इंग्रजीच राहिली असेल तर पान स्वतःची ओळख ‘इंग्रजी’ अशी करून देतं. ती ‘एमआर’ (म्हणजे मराठी) करा. काही देवनागरी फॉन्टांमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात, आणि पानाची भाषा मराठी आहे हे कळल्याशिवाय ब्राउझर ते बाहेर काढत नाही. हिंदी वळणाचा ल वाचायला कुणाला अडत नाही, हे खरं. पण मराठी दिवाळी अंकात तो मला खुपतो.

सगळ्यात जास्त वेळ फॉन्टाला द्या. थीममध्ये फक्त ‘सॅन्स-सेरिफ’ लिहून सोडलं असेल तर तुमचं शीर्षक विंडोजवर निर्मला किंवा मंगलमध्ये, मॅकवर कोहिनूर देवनागरीत आणि अँड्रॉइडवर नोटोमध्ये दिसेल. तिघांची रुंदी वेगळी, उंची वेगळी. एकीकडे एका ओळीत बसलेलं शीर्षक दुसरीकडे दीड ओळ होतं आणि ब्राउझरला उगाच बोल लागतो. म्हणून फॉन्ट स्वतःच्या साइटवर ठेवा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, तिरो देवनागरी मराठी तर नावातच मराठी आहे. वेबसाठीच्या वॉफ-२ प्रकारची एकच फाइल पुरे, जुन्या ईओटी वगैरे फायली काढून टाका. फाइल हलकी करायच्या नादात जोडाक्षरांचे नियम उडणार नाहीत एवढं मात्र पाहा, नाहीतर पाय मोडलेल्या अक्षरांची रांग लागते. फॉन्ट उतरेपर्यंत ब्राउझर साधारण ३ सेकंद मजकूर लपवून ठेवू शकतो. सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये) ‘फॉन्ट-डिस्प्ले’ला ‘स्वॅप’ दिलं की तोवर निदान फोनमधल्या फॉन्टात वाचता येतं.

ठळक वजनाची फाइलही सोबत द्या. ती नसली तर ब्राउझर साधंच अक्षर फुगवून ठळक करतो आणि ध-भ मधली पोकळी बुजते. तिरपी अक्षरं देवनागरीच्या वळणात नाहीत, पण इंग्रजी थीम अवतरणं तिरपी करते आणि ब्राउझर आपली अक्षरं बळजबरीने कलती करतो. ते बंद करा. थीमने शीर्षकांना दिलेली लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधली वाढीव जागा) शून्यावर आणा. इंग्रजीला ती शोभते, आपली शिरोरेषा मात्र तुटते. लाइन-हाइट (ओळीची उंची) ‘नॉर्मल’ ठेवू नका, कारण नॉर्मल म्हणजे किती हे प्रत्येक फॉन्ट आपापलं ठरवतो. १.६ किंवा १.७ असा स्पष्ट आकडा लिहा. दोन वर्षांपूर्वी आमच्या मुखपृष्ठकथेच्या शीर्षकाला थीमने ‘ओव्हरफ्लो हिडन’ (चौकटीबाहेर गेलेलं लपव) लावलं होतं. माझ्या फोनवर सगळं छान होतं. आयफोनवर मात्र रफार आणि अनुस्वार कापले गेले, आणि हे सांगणारा पहिला फोन आला तो खुद्द लेखिकेचा.

तेव्हापासून मी एक लपवलेलं पान ठेवतो. त्यात एक अर्थहीन परिच्छेद आहे: उद्ध्वस्त, वाङ्मय, हृदय, दृष्ट्या, तऱ्हा, ॲडव्होकेट, ट्रॉम्बे, ज्ञानेश्वर, सर्वांगीण, आचार्यांना आणि आचाऱ्यांना. प्रत्येक फोनवर आधी हेच पान उघडायचं. तुम्हीही असं पान करून घ्या आणि पहिला फोटो त्याचाच मागवा.

शेवटचे दोन शब्द त्यात मुद्दाम आहेत. ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साध्या र-ला पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. दिसायला दोन्ही सारखेच. पण मजकूर स्वच्छ करणाऱ्या एखाद्या प्लगइनने ते अदृश्य चिन्ह पुसलं, की स्वयंपाकघरातले आचारी थेट आचार्य होतात. जुन्या लेखांत हे चिन्ह शोधून सगळीकडे ऱ करून घ्या. तसंच ॲ. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधीचे, आणि जुन्या सवयीचे नंतरचेही लेख ‘अ’वर अर्धचंद्र ठेवून लिहिलेले असतात. ते एका ब्राउझरात बरे दिसतात आणि दुसऱ्यात मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. तेही बदला. डीटीपीसाठी जुन्या फॉन्टात टाइप झालेला आणि मग युनिकोडमध्ये उतरवलेला मजकूर असेल तर ब्राउझरची चाचणी नंतर. आधी मुद्रितशोधकाला बसवा.

लेखाचं पहिलं अक्षर मोठं करायची हौस असेल तर ‘स्त्री’ने सुरू होणारा लेख लावून बघा. कुठे पूर्ण ‘स्त्री’ मोठी होते, कुठे फक्त ‘स्’. जोडाक्षर हे एकच अक्षर धरावं, असा नियम युनिकोडने २०२३ मध्ये १५.१ आवृत्तीत केला. वाचकांच्या जुन्या फोनपर्यंत तो पोहोचलेला नाही. मी ती हौस सोडून दिली. मुखपृष्ठावर लेखांची पहिली १५० अक्षरं दाखवणारं यंत्रही तसंच फसवं आहे, ते जोडाक्षराच्या मधोमध कात्री चालवतं. शब्दांमधल्या मोकळ्या जागेवरच तोडायला सांगा.

मांडणीचं काम त्या मानाने सोपं, कारण सीएसएसचा स्वभाव आपल्या बाजूचा आहे. न कळणारी ओळ ब्राउझर मुकाट्याने ओलांडून पुढे जातो. म्हणून आधी जुनी ओळ आणि तिच्याखाली नवी, अशी जोडी लिहायची. मुखपृष्ठाचं चित्र पूर्ण उंचीचं हवं असेल तर १०० व्हीएच (पडद्याची पूर्ण उंची) दिल्यावर फोनच्या पत्तापट्टीखाली त्याचा तळ दडतो. त्याखाली १०० एसव्हीएचची (पत्तापट्टी दिसत असताना उरणाऱ्या उंचीची) ओळ लिहा. हे माप सफारी, फायरफॉक्स आणि क्रोम तिघांनाही २०२२ पासून कळतं, त्याआधीचे पहिल्या ओळीवर भागवतील. पानावरच्या सगळ्या चौकटींना ‘बॉर्डर-बॉक्स’ लावा, म्हणजे कडा आणि आतली मोकळी जागा रुंदीतच धरली जाते. रुंदीला १०० व्हीडब्ल्यू (पडद्याची पूर्ण रुंदी) कुठे दिलं असेल तर काढा. मॅकवर ते चालून जातं, विंडोजवर बाजूची सरकपट्टी जागा खाते आणि पान आडवं हलू लागतं. वस्तू शेजारीशेजारी मांडणाऱ्या फ्लेक्समधलं ‘गॅप’ (वस्तूंमधलं अंतर) सफारीला २०२१च्या १४.१ पासूनच कळतं, आणि सफारी आयओएसबरोबरच बदलते, एकटी अपडेट होत नाही. आयफोन ६ आयओएस १२ वर थांबलाय. अशा फोनवर तुमचे लेखकांचे फोटो एकमेकांना चिकटतील. वाचता येत असेल तर मी ते चालवून घेतो.

फॉर्मसाठी दोनच गोष्टी. चौकटी आणि बटणं पानाचा फॉन्ट आपणहून घेत नाहीत, त्यांना ‘इनहेरिट’ सांगावं लागतं, नाहीतर पत्ता लिहायच्या चौकटीत मराठी वेगळ्याच वळणाचं उमटतं. आणि चौकटीतलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असलं की आयफोन टॅप करताच पान मोठं करतो.

तारखांकडे डोळ्यांत तेल घालून बघा. प्रकाशन समारंभाची तारीख जावास्क्रिप्टला नुसती वर्ष-महिना-दिवस अशी दिली तर ती ग्रिनिचची मध्यरात्र समजली जाते. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच, तारीख बरोबर. न्यू जर्सीत मात्र आदल्या दिवसाची संध्याकाळ, आणि ‘आमच्या ब्राउझरात तारीख चुकतेय’ अशी मेल येते. ब्राउझर बिचारा निर्दोष असतो. सोपा उपाय म्हणजे तारीख हाताने मजकुरात लिहायची. तारीख आणि वेळ एकत्र द्यायचीच असेल तर मधे मोकळी जागा न सोडता इंग्रजी ‘टी’ घाला, जुनी सफारी मोकळी जागा बघून तारीखच नाकारते. जावास्क्रिप्टला ‘एमआर-इन’ (भारतातली मराठी) सांगितलं की आकडे देवनागरीत येतात. पानावर बाकी ठिकाणी इंग्रजी आकडे असतील तर आधी एक काय ते ठरवा.

आता फोन गोळा करायचे. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधला आयफोन हा नुसता आयफोनच्या मापाचा चौकोन आहे, आत ब्लिंकच. विंडोजसाठी सफारी शोधायला जाऊ नका, ती २०१२ मध्ये ५.१.७ वर संपली. प्लेराइट या चाचणीच्या साधनाबरोबर येणारं वेबकिट विंडोजवर आणि लिनक्सवर चालतं, मांडणीचा अंदाज त्यात येतो. सिस्टीमचे फॉन्ट मात्र तुमच्याच कॉम्प्युटरचे दिसतात. खरी उपकरणं भाड्याने हवी असतील तर २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेलं ब्राउझरस्टॅक आहे. त्याहून स्वस्त म्हणजे शेजारी, भाचे आणि कार्यकारिणी. प्रत्येकाला एकच काम द्या: चाचणीचं पान, एक लेख, फॉर्म, पीडीएफ उतरवायचं बटण आणि चारही स्क्रीनशॉट. त्यांतल्या एकाला लिंक फेसबुकमधून उघडायला सांगा, कारण तिथे ॲपचाच ब्राउझर उघडतो. एकाला डार्क मोड लावायला सांगा, सॅमसंगचा ब्राउझर रंग स्वतःच उलटवू शकतो आणि काळ्या रेषांची चित्रं गडप होतात. आणि ज्येष्ठांपैकी कुणाचा तरी फोन, अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेला, जसाच्या तसा घ्या. त्यावर मेनू दोन ओळींत गेला तर जाऊ दे, पण शेवटचा शब्द दिसलाच पाहिजे.

दुरुस्ती झाली की सीएसएस फाइलच्या नावापुढचा आवृत्ती क्रमांक वाढवा, नाहीतर लोक कॅशमधली (ब्राउझरने साठवून ठेवलेली) जुनी फाइल बघत ‘अजून तसंच आहे’ म्हणत राहतील. प्लगइनचं आपोआप अपडेट भाऊबीज होईपर्यंत बंद. वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी चाचणीचं पान तिन्ही इंजिनांत एकदा उघडा, आणि आचारी आचारीच आहेत ना ते बघून लॅपटॉप मिटा.