येऊरला जाताना खाऊ पाकिटात नको, डब्यात न्या

मुलांना ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात किंवा खारघरच्या टेकडीवर नेलं की वेफर्सची पाकिटं वाटेतच पडतात आणि आपण मागून ओरडत बसतो. त्यापेक्षा निघतानाच खाऊ डब्यात काढा, रॅपर घरच्याच डस्टबिनमध्ये. मग प्रत्येकाच्या सॅकला एक छोटी कापडी पिशवी बांधून द्या, ज्याचा कचरा त्याच्याच पिशवीत, टिश्यू, गोळीचा कागद, अगदी संत्र्याची सालंसुद्धा, कारण येऊर हा संजय गांधी नॅशनल पार्कचाच भाग आहे आणि सालांवर माकडं येतात. घरी आल्यावर पिशवी मुलानेच रिकामी करायची, ओला-सुका वेगळा करून, आईबाबांनी मध्ये पडायचं नाही, सवय खरी इथेच लागते. फक्त वाटेतल्या फुटक्या बाटल्या, काचा मुलांना उचलू देऊ नका.