हॉटेलची गुणवत्ता तपासायची तर आधी रजिस्टर मागा

ऑडिटला गेले की मॅनेजर मला आधी लॉबी दाखवतात. ताजी फुलं, चकचकीत फरशी, भिंतीवर चौकटीत आयएसओ ९००१ चं प्रमाणपत्र. मी मान डोलावते आणि मेंटेनन्सचं रजिस्टर मागते. चौदा वर्षं हाउसकीपिंगमध्ये काढल्यावर एवढं कळलं आहे की लॉबी सगळ्यांचीच छान असते. आणि तारे मोजून फारसं हाती लागत नाही. तारे बहुतेक सोयींवर मिळतात: लिफ्ट आहे का, खोली केवढी आहे. चूक झाल्यावर तिथे पुढे काय होतं, हे तारे सांगत नाहीत. आपल्याला तपासायचं आहे ते नेमकं तेच.

मेंटेनन्सच्या रजिस्टरशेजारी किचनच्या फ्रिजचा तापमान तक्ता ठेवा. दोन्ही वेगवेगळ्या खात्यांचे असतात, त्यामुळे संगनमत अवघड. एका हॉटेलात तक्त्यावर महिनाभर रोज दोनदा ४ अंश लिहिलेलं होतं. एकच पेन, एकच अक्षर. मेंटेनन्सच्या रजिस्टरप्रमाणे त्याच महिन्यात तो फ्रिज दोन दिवस बंद होता, कॉम्प्रेसर बदलायला काढलेला. बंद फ्रिजही ४ अंशच दाखवत होता! तक्ता भरणाऱ्या पोरावर मी चिडले नाही. महिनाभर त्या तक्त्यावर सही करणाऱ्या वरिष्ठाने तो एकदाही वाचला नव्हता, अहवालात मी ते लिहिलं. जाता जाता त्यांचा थर्मामीटरही तपासा. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एकत्र करून त्यात प्रोब धरा, शून्य दाखवायला हवं. तीन-चार अंशांनी चुकणारा थर्मामीटर असेल तर प्रामाणिकपणे भरलेला तक्ताही खोटाच ठरतो.

आता खोल्या. फ्रंट ऑफिसने काढून दिलेली खोली घेऊ नका, ती तुमच्यासाठीच घासलेली असते. रिकाम्या खोल्यांची यादी मागा आणि स्वतः दहा निवडा, वेगवेगळ्या मजल्यांवरच्या. टीव्हीचा रिमोट, एसीची जाळी, कमोडच्या सीटची खालची बाजू, हेडबोर्डच्या वरची कड. एका खोलीत धूळ सापडली तर ती त्या दिवशीची नजरचूक. दहापैकी आठ खोल्यांत त्याच जागी सापडली तर रूम अटेंडंटला बोलून उपयोग नाही. एकतर ती जागा चेकलिस्टवरच नाही, किंवा एका खोलीला दिलेला वेळ पुरत नाही. हा फरक करता आला की निम्मं मूल्यमापन झालं समजा. बहुतेक अहवाल इथेच घसरतात: आठ खोल्यांची आठ वेगळी कलमं लिहितात आणि आठ जणींना मेमो मिळतो.

एक तरी खोली साफ होताना शेवटपर्यंत उभं राहून बघा. तयार खोलीत पाण्याचा ग्लास चमकतोच, पण तो कोणत्या फडक्याने पुसला ते कळत नाही. बाथरूमच्या फडक्यांचा रंग वेगळा आहे का? वापरलेल्या टॉवेलनेच ग्लास पुसला जातो का? मी स्वतः पहिल्या वर्षी ते केलेलं आहे, कारण पॅन्ट्रीत धुतलेली फडकी संपलेली असायची आणि खोली तर वेळेत द्यायची होती. म्हणून फडकी किती आहेत आणि लॉन्ड्रीतून किती वाजता परत येतात, हेसुद्धा विचारा.

पाहुण्यांच्या मतांसाठी सर्व्हक्वाल नावाची पद्धत आहे. पारसुरामन, झाइथामल आणि बेरी या संशोधकांनी १९८८ मध्ये मांडलेली. २२ विधानं, त्यावर पाहुण्याची अपेक्षा एकदा आणि अनुभव एकदा विचारायचा, दोन्हींतलं अंतर मोजायचं. चेक-आउटच्या घाईत ४४ उत्तरं कोण देणार? १९९२ मध्ये क्रोनिन आणि टेलर यांनी फक्त अनुभव विचारण्याची सुटसुटीत पद्धत सुचवली, मला ती बरी वाटते. पण पद्धत कोणतीही असो, सरासरीवर समाधान मानू नका. सगळ्यात कमी गुण देणाऱ्यांची शेरेवजा वाक्यं काढून वाचा.

मी सर्वाधिक वेळ देते तो तक्रारींना. तीन महिन्यांपूर्वीच्या पाच तक्रारी निवडा आणि प्रत्येकीचा माग काढा. समजा, गरम पाणी आलं नाही. डेस्कवर नोंद किती वाजता झाली, मेंटेनन्सला कधी कळलं, शिफ्ट बदलताना हँडओव्हरमध्ये ती लिहिली गेली का? मग तीच खोली नंतरच्या नोंदींत शोधा. 'तक्रार निकाली' या शेऱ्याचा अर्थ पुष्कळदा 'माफी मागितली, भाडं थोडं कमी केलं' एवढाच असतो. पाणी पुढच्या आठवड्यातही थंडच.

रात्रपाळीच्या रिसेप्शनिस्टला एकटं गाठा. पहाटे दोन वाजता पाहुणा भडकला तर तुम्ही कुणालाही न विचारता काय देऊ शकता? रिट्झ-कार्लटन या हॉटेल कंपनीने १९९२ आणि १९९९ असा दोनदा अमेरिकेचा बाल्ड्रिज गुणवत्ता पुरस्कार जिंकला. तिथे कर्मचाऱ्याला एका पाहुण्याची अडचण सोडवायला २,००० डॉलरपर्यंत खर्चाची मुभा असल्याची गोष्ट या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. आकडा सोडा. 'सरांना उठवावं लागतं' असं उत्तर आलं तर ते अहवालात पहिल्या पानावर घ्या.

अहवाल छोटा ठेवा. प्रत्येक कलमासमोर एकाच माणसाचं नाव आणि तारीख. 'संबंधित विभाग' लिहिलं की काम कुणाचंच नसतं. आणि तीन महिन्यांनी न कळवता पुन्हा जा. लॉबीत थांबू नका. फ्रिजचा तक्ता आणि मेंटेनन्सचं रजिस्टर, हीच जोडी आधी मागा, आणि या वेळी तक्त्यात निदान दोन वेगळी अक्षरं दिसतात का ते बघा.