जुना प्रस्ताव नव्या नियमांत बसवताना

नाशिकमधले बरेच डॉक्टर अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर एनआयएचच्या (तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या) निधीसाठी प्रस्ताव लिहितात. त्यांनी जुना मसुदा नुसता छाटून पुन्हा पाठवू नये. २५ जानेवारी २०२५ पासूनच्या बहुतेक संशोधन-प्रकल्प अर्जांत मूल्यमापनाच्या पाच निकषांचे तीन गट झाले आहेत: विषयाचं महत्त्व, पद्धतीची काटेकोरता नि व्यवहार्यता, आणि संशोधक व साधनं. पहिल्या दोघांना १ ते ९ गुण (१ सर्वोत्तम); तिसऱ्यात पुरेसं आहे की नाही, एवढंच बघतात. त्यामुळे संस्थेच्या लौकिकावर पानं घालवू नका.

ती जागा व्यवहार्यतेला द्या. समजा, सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी करायची आहे. मग भर पावसात रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत कोण, कसे, किती तासांत पोहोचवणार, गारवा कसा टिकवणार, हे स्पष्ट लिहा. परीक्षकाला सुरगाण्याचे घाट माहीत नसतात, आणि माझ्या मते बरेच चांगले प्रस्ताव इथेच कमी पडतात.

२५ सप्टेंबर २०२५ पासून मुख्य संशोधकाला वर्षाला सहाच अर्ज करता येतात, आणि एआयकडून बहुतांश लिहून घेतलेला अर्ज चालत नाही. मसुदा स्वतःच लिहा, नैतिकता समितीकडे मात्र आधीच जा.