पुस्तकांवर लिहिणाऱ्यांची वाचनभिशी कशी चालवावी

डिसेंबर संपत आला की पुस्तकांवर लिहिणाऱ्यांच्या ब्लॉगवर आणि इन्स्टाग्रामवर एकच घोषणा दिसू लागते: येत्या वर्षात ५२ पुस्तकं. संक्रांतीपर्यंत तीन-चार होतात, शिमग्यालाही आकडा तिथेच असतो आणि पाडव्यानंतर त्याबद्दल कुणी बोलत नाही. आळसाचा वाटा यात असतोच. पण असं चॅलेंज माणूस एकटाच घेतो, एकटाच मोजतो आणि एकटाच सोडून देतो, हे त्यामागचं मोठं कारण. एखाद्या पुस्तकावर मन लावून हजार शब्द लिहावेत आणि खाली दोन अंगठे नि एक ‘मस्त!’ यावं, असं सहा महिने झालं की लिहिण्याची हौस आटते. तिच्या मागोमाग वाचण्याचीही.

पुण्यात पुस्तकांबद्दल लिहिणारे कमी नाहीत. कोथरूड, औंध, हडपसर, चिंचवड, सगळीकडे आहेत. एकमेकांच्या पोस्टला लाइक देतात आणि पुढे सरकतात. त्यांना एकत्र वाचायला लावायचं असेल तर चॅलेंजमध्ये पुस्तकांइतकीच उत्तरंही मोजायला हवीत. त्यासाठी आपल्या ओळखीची सगळ्यात सोपी रचना म्हणजे भिशी. दर वेळी सगळ्यांनी भर घालायची आणि पाळी एकाची. इथे पैशांऐवजी लक्ष जमा होतं, एवढाच फरक: ज्याची पाळी त्याने वाचलेल्या पुस्तकावर पोस्ट लिहायची, बाकीच्यांनी तिला उत्तरं द्यायची.

पायरी १: आठ ते बारा माणसं जमवा

याहून जास्त नकोत. आठ जण असतील आणि आठवड्याला दोघांची पाळी ठेवली, तर चार आठवड्यांत फेरी पूर्ण होते आणि प्रत्येकाला एकूण सात पोस्ट वाचून उत्तरं द्यावी लागतात. म्हणजे आठवड्याला दोनसुद्धा नाहीत. बारा जण घेतले तर सहा आठवडे लागतात, तेही चालतं. तीस जण घेतले की प्रत्येकावर एकोणतीस उत्तरांचं ओझं येतं आणि दुसऱ्याच आठवड्यात ‘जमेल तसं देऊ’ सुरू होतं. जास्त लोक तयार असतील तर दोन भिशा करा.

सगळे कादंबरीवालेच नकोत. एखादा इतिहासात रमणारा, एखादी फक्त कविता वाचणारी, कुणी मुलांच्या पुस्तकांवर लिहिणारं असेल तर गंमत वाढते. इंग्रजी पुस्तकांवर लिहिणाऱ्यांनाही घ्या. उत्तरं कुठल्याही भाषेत चालतील असं ठरवून टाका.

पायरी २: चॅलेंजचा प्रकार ठरवा

याचा एक जुना आणि उत्तम नमुना आहे. ‘ड्यूई’ या नावाने लिहिणाऱ्या एका अमेरिकन पुस्तक-ब्लॉगरने ऑक्टोबर २००७ मध्ये चोवीस तासांची वाचन-मॅरेथॉन सुरू केली. जगभरातले लोक एकाच क्षणी वाचायला बसणार आणि अधूनमधून आपापल्या ब्लॉगवर नोंदी टाकणार. २००८ मध्ये तिचं निधन झालं, पण इतर ब्लॉगरांनी मॅरेथॉन तिच्याच नावाने पुढे नेली. त्या वेळा आपल्याकडे संध्याकाळी सुरू होऊन रात्रभर चालतात. घरच्यांना ते कितपत रुचेल हा प्रश्न बाजूला ठेवू. आपण उचलण्याजोगी गोष्ट आहे त्यातली चिअरलीडर मंडळी. त्यांनी वाचणाऱ्यांच्या ब्लॉगवर चक्कर मारून धीर द्यायचा, गप्पा मारायच्या. मॅरेथॉन टिकली त्यात या कामाचा वाटा मोठा असावा, असं मला वाटतं.

नवख्या गटाने चोवीस तासांच्या वाटेला जाऊ नये. वाचन-बिंगोचे, म्हणजे प्रत्येकात एकेक अट लिहिलेले, पंचवीस चौकोनही नकोत. ते रंगवायला छान दिसतात आणि रिकामेच राहतात. चार खाने पुरेत, आणि प्रत्येकाने त्यातला निदान एक भरायचा:

– पुण्यात घडणारं किंवा पुण्याबद्दलचं पुस्तक
– ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक
– घरात वर्षभर न वाचता पडून असलेलं पुस्तक
– दुसऱ्या भारतीय भाषेतून मराठीत आलेलं पुस्तक

तिसरा खाना सगळ्यात लोकप्रिय होतो. पुस्तक महोत्सवात घेतलेल्या पिशव्या अजून न उघडलेलं घर आपल्यात विरळाच.

पायरी ३: तारखा पंचांग बघून ठरवा

गणपतीचे दहा दिवस आणि त्याआधीचा आठवडा सोडा. मार्चही सोडा, ज्यांच्या घरी दहावी-बारावी आहे ते येणार नाहीत आणि ज्यांचं ऑफिस मार्चअखेरीत अडकतं तेही. मे महिन्यात निम्मे गावाला असतात.

उरतात ते दिवस चांगले आहेत. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो. तेव्हा फेरी सुरू केली तर २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनापर्यंत सहा आठवडे मिळतात, म्हणजे बारा जणांची भिशी बरोबर बसते. २३ एप्रिलच्या जागतिक पुस्तक दिनाला संपणारी छोटी फेरीही जमते, फक्त ती एप्रिलमध्येच सुरू करावी. पावसाळ्यात जुलै सगळ्यात निवांत.

दिवाळीनंतरची फेरी वेगळी ठेवावी, फक्त दिवाळी अंकांची. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही आपली हक्काची वाचनाची सुगी आहे. पण अंकांवर सविस्तर लिहिणारे फार थोडे. बहुतेक जण मुखपृष्ठांचा गठ्ठा मांडून फोटो टाकतात आणि विषय संपतो. नियम असा करा: अख्ख्या अंकावर लिहायचं नाही, एकच कथा किंवा एकच लेख निवडायचा. पाचशे शब्दांत काम होतं आणि बाकीच्यांना तोच अंक मिळवून वाचता येतो, त्यामुळे उत्तरंही खरी येतात.

पायरी ४: उत्तर कशाला म्हणायचं ते आधीच लिहून ठेवा

सगळी भिशी या एका नियमावर उभी असते, म्हणून इथे कसूर नको. मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावतील एवढेच नियम करा, आणि त्यात उत्तराची व्याख्या सगळ्यात वर ठेवा. ‘छान लिहिलंय’, ‘यादीत टाकलं’, ‘नक्की वाचणार’ आणि हात जोडलेली इमोजी मोजायची नाही. ती लिहायला मनाई नाही, फक्त मोजणीत धरायची नाही.

मोजायचं ते उत्तर तीनपैकी एक काम करतं. ते पोस्टमधल्या एखाद्या नेमक्या वाक्याला धरून बोलतं, किंवा लिहिणाऱ्याला खराखुरा प्रश्न विचारतं, किंवा कारण देऊन असहमत होतं. उदाहरणार्थ: ‘शेवट घाईत उरकलाय असं तुम्ही म्हणता. मला वाटतं गडबड त्याआधीच झाली आहे, आजीचं पात्र मधूनच नाहीसं होतं तिथे. ते तुम्हाला खटकलं नाही का?’ तेवीसच शब्द झाले, पण यावर लिहिणाऱ्याला पुस्तक पुन्हा उघडावं लागतं. ज्याने पुस्तक वाचलेलंच नाही त्यालाही असं उत्तर देता येतं: ‘तुम्ही लेखकाच्या भाषेचं कौतुक केलंय, पण एकही वाक्य दिलेलं नाही. एखादं द्याल का?’ याने पोस्ट सुधारते.

दुसरी बाजूही नियमात हवी. ज्याची पाळी आहे त्याने आलेल्या प्रत्येक उत्तराला दोन दिवसांत प्रत्युत्तर द्यायचं, ‘आभारी आहे’ सोडून. आणि असहमती पुस्तकाशी आणि मताशी असावी. ‘तुम्हाला कविता कळतच नाही’ छापाचं वाक्य आलं की चालवणाऱ्याने ते लगेच काढायला लावावं. पुण्यात मतं कडक असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे हा नियम आधी सांगितलेला बरा.

पायरी ५: पुस्तकं मिळवण्याची सोय आणि पीडीएफची बंदी

नवीन पुस्तकं महाग झाली आहेत. चॅलेंजमुळे खिशाला चाट बसायला लागली की विद्यार्थी आधी गळतात. म्हणून ग्रंथालयाचा खाना ठेवाच. १८४८ मध्ये स्थापन झालेलं पुणे नगर वाचन मंदिर आणि १९११ पासूनचं नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय ही दोन मोठी नावं झाली, पण पेठांबाहेरही छोटी वाचनालयं तग धरून आहेत. गटातला एक सभासद असला तरी बाकीच्यांना कळतं की कुठलं पुस्तक कुठे आहे. दिवाळी अंकांच्या फेरीसाठी तर वाचनालयाची वर्गणी हाच स्वस्त मार्ग.

अप्पा बळवंत चौकात सगळ्यांनी मिळून एक खरेदी-फेरी काढता येते. जूनमध्ये मात्र नको; शाळेच्या पुस्तकांच्या गर्दीत दुकानदाराला तुमच्याशी बोलायला सवड नसते.

आता नाजूक विषय. गट सुरू झाल्यावर चार-सहा दिवसांत कुणीतरी ‘सगळ्यांच्या सोयीसाठी’ म्हणून पीडीएफ टाकतंच. पहिल्याच दिवशी लिहून टाका की ते चालणार नाही. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट असतो. त्यानंतरचं मूळ मराठी साहित्य मोकळं असतं आणि त्यातलं बरंचसं मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर वाचता येतं. अनुवाद असेल तर अनुवादकाची साठ वर्षं वेगळी मोजायची, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या आधीच लहान असतात. पुस्तकांवर प्रेम आहे म्हणणाऱ्यांच्याच गटातून त्यांची फुकट प्रत फिरणं शोभत नाही.

पायरी ६: नोंदीची वही

एक गुगल शीट पुरे. रकाने पाच: नाव, पुस्तक आणि प्रकाशक, खाना, पोस्टची लिंक, आणि कुणाकुणाची उत्तरं आली. शेवटचा रकाना पाळी असलेल्याने स्वतः भरायचा, म्हणजे चालवणाऱ्याला मोजत बसावं लागत नाही. पाळीचा क्रम पहिल्या दिवशी चिठ्ठ्या टाकून काढा. पोस्ट सोमवारी आणि गुरुवारी, असे वार ठरलेले असले की आठवण करून द्यावी लागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेवा. पुस्तकावरची चर्चा तिथे झाली की ती सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जाते. ती पोस्टच्या खालीच व्हायला हवी, जिथे पुढच्या वर्षी एखादा अनोळखी वाचकही ती वाचेल. साध्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे फोन नंबर सगळ्यांना दिसतात, हेही लक्षात असू द्या. अनोळखी लोक असतील तर आधी विचारा. कुणाला नंबर द्यायचा नसेल तर सूचना ईमेलने पाठवा.

हॅशटॅग निवडताना ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होणार नाही असा शब्द घ्या. ‘वाचनभिशी’ ठेवलंत तर काही जण ‘भीशी’ लिहिणार आणि निम्म्या पोस्ट सापडणार नाहीत.

पायरी ७: फेरीच्या मध्यावर एकदा भेटा

पडद्यावर खरमरीत लिहिणारी माणसं समोर आली की मवाळ निघतात, आणि त्यानंतरची उत्तरं जास्त मोकळी होतात. जागा मध्यवर्ती हवी. पेठांमध्ये भेटायचं ठरलं तर पिंपरी-चिंचवडहून येणाऱ्यांना मेट्रोने थेट कसबा पेठ किंवा मंडई स्थानकावर उतरता येतं, आणि वनाजकडच्यांना जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्थानकावर गाडी बदलून. बागेत बसायचं असेल तर आधी वेळा बघा, पालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात. हॉटेलात बसायचं तर सकाळी लवकर. रविवारी दहानंतर टेबल अडवून बसलेल्यांकडे वेटर ज्या नजरेने बघतो त्यात कवितेवर बोलणं अवघड जातं. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरला तर भेट तिथेच ठेवावी.

भेटीत पुस्तक-अदलाबदल करा. प्रत्येकाने वाचून झालेलं एक आणायचं, दुसऱ्याचं एक न्यायचं. भाषणं नकोत, प्रास्ताविक नको, आभारप्रदर्शन तर मुळीच नको.

पायरी ८: गळती लागली तर

साधारण तिसऱ्या आठवड्यात लागते. त्यासाठी प्रत्येकाला एक सुट्टीची चिठ्ठी द्या: फेरीत एकदा पाळी दुसऱ्याशी बदलता येईल, कारण सांगायची गरज नाही. इथेच तो चिअरलीडरही कामी येतो. दर आठवड्याला एकाकडे हे काम द्या. ज्याच्या पोस्टवर दोनच उत्तरं आली आहेत तिथे त्याने आधी जायचं आणि गप्प झालेल्याला खासगीत विचारायचं, ‘काय वाचताय सध्या?’ ग्रुपवर नावं घेऊन विचारणा करू नये. त्याने माणूस परत येत नाही, ग्रुप सोडतो.

मोठं बक्षीस ठेवू नका. ठेवलंत की लोक पातळ पुस्तकं शोधू लागतात. द्यायचंच असेल तर सर्वांत चांगलं उत्तर देणाऱ्याला द्या. एखादा प्रकाशक परीक्षणासाठी पुस्तकं द्यायला तयार झाला तर जरूर घ्या, पण पुस्तक भेट मिळालं आहे हे पोस्टच्या सुरुवातीलाच लिहायचं. अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुकट मिळालेली वस्तूसुद्धा वाचकाला सांगावी लागते. आणि वाईट पुस्तकाला वाईट म्हणण्याची मुभा प्रकाशकाशी आधीच बोलून घ्या.

पायरी ९: फेरी संपल्यावर

शेवटच्या पाळीनंतर सगळ्या पोस्टच्या लिंक एकत्र करून प्रत्येकाने आपापल्या पानावर टाकाव्यात, सोबत इतरांच्या पोस्टखाली सापडलेलं एक आवडतं उत्तरही. मग दोन महिने थांबा. लगेच दुसरी फेरी लावली की वाचन म्हणजे नोकरी होते.

पुढची फेरी दुसऱ्या कुणीतरी चालवायची. नाव चिठ्ठी टाकूनच काढा, नाहीतर जो पहिल्यांदा करतो तोच कायमचा कारकून होतो. त्याला शीटची फक्त लिंक पाठवून भागणार नाही. गुगल ड्राइव्हमध्ये शीटची मालकी त्याच्या नावावर करून द्या, आणि ग्रुपचं अ‍ॅडमिनपदही.