भावाला बोन मॅरो हवाय, पण बहिणीला कोणी विचारलंय का? घरच्यांनी काय काय करायचं

माझ्या भाच्याला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे अंगात पुरेसं चांगलं रक्तच तयार होत नाही. सात महिन्यांचा असताना कळलं, तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं. ताईच्या घरच्या कॅलेंडरवर संकष्टी-एकादशीच्या शेजारी लाल पेनाने 'रक्त' 'रक्त' लिहिलेलं असायचं. तो पाच वर्षांचा झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे निरोगी माणसाच्या हाडातला रक्त तयार करणारा मगज त्याला द्यायचा, ते करायचं तर आता करा, सारखं रक्त चढवून लिव्हरमध्ये लोह साठून ती खराब व्हायच्या आधी. आणि मॅच निघाली त्याची मोठी बहीण, नऊ वर्षांची. पुढचे चार महिने त्या घरात जे चाललं ते बघून हे लिहितेय, कारण आजारी पोराचं काय करायचं हे सांगायला शंभर लोक येतात, पण ज्या पोराला काहीच झालेलं नाही आणि तरी ज्याला भूल देऊन सुया टोचणारेत त्याचं काय करायचं हे कोणी सांगत नाही. मी डॉक्टर नाही, वकील नाही, फाइल घेऊन फिरणारी मावशी आहे.

आधी आमची चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. एचएलए टेस्टसाठी, म्हणजे दोघांच्या पेशी जुळतात का ते बघायला, मोठीच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली आणि तिला सांगितलं की शाळेला रिपोर्ट द्यायचाय. थाप. महिन्याभराने रिपोर्ट भाऊजींच्या व्हॉट्सअॅपवर आला, ते ओरडलेच, पेढे आणले, फॅमिली ग्रुपवर टाकलं. मोठी शाळेतून येत होती, जिन्यातच खालच्या काकूंनी तिला जवळ घेतलं, "अगं, तू तर भावाला जीवदान देणार!" रात्री माझ्या शेजारी झोपली होती, अंधारातच विचारलं तिने, "मावशी, जीव दिला की माझ्याकडे किती उरतो?"

तर पहिली गोष्ट, टेस्टच्या आधी बोला. नंतर नाही. सख्ख्या भावंडाचा पूर्ण मॅच निघायची शक्यता 25 टक्के असते, म्हणजे चारात एक, आणि काडी फिरवायच्या दिवशी पोराला एवढं तरी माहीत पाहिजे की ही काडी कशासाठी आहे, मॅच निघाला तर पुढे काय विचारणार आहेत आणि नाही निघाला तर त्यात त्याचा काही दोष नाही. घरात दोन निरोगी पोरं असतील तर ज्याचा मॅच नाही निघत ते पण कोपऱ्यात जाऊन बसतं हे लक्षात ठेवा. रिपोर्ट आईवडिलांनी समोर बसून घ्यायचा, ग्रुपवर टाकायचा नाही, आणि 'जीवदान' हा शब्द घरातून हद्दपार करायचा.

दुसरं, नक्की काय देणार आहे ते मोठ्यांनी आधी नीट समजून घ्या. आमच्या आजीला वाटत होतं किडनीसारखं काहीतरी कापून काढतात. तसं नाही. पूर्ण भूल देतात, पोराला पालथं झोपवतात, कंबरेच्या मागच्या हाडातून जाड सुईने मॅरो ओढून घेतात, टाके नाहीत, चिकटपट्टी असते. साधारण हिशोब असा की डोनरच्या वजनाच्या किलोमागे 20 मिलीपेक्षा जास्त घ्यायचा नाही. मोठी 26 किलोची, म्हणजे वरची मर्यादा 520, प्रत्यक्षात तीनशेच्या आसपास घेतला. काही आठवड्यांत तो शरीरात परत भरून येतो. एक-दोन दिवस हॉस्पिटल, काही दिवस कंबर ठणकणं, थोडा अशक्तपणा, लोहाचं औषध. गंभीर काही होणं फार क्वचित, पण भूल ही भूल असते, 'काहीच होत नाही' असं पोराला सांगू नका, दुखेल आणि मग कमी होईल असं सांगा. हॉस्पिटलला हे पण विचारा की मॅरो घेणार की रक्तातून मशीनने पेशी घेणार, कारण दुसऱ्या प्रकारात आधी काही दिवस इंजेक्शनं असतात आणि लहान पोराला मोठ्या शिरेत नळी घालावी लागू शकते. डोनर पोर स्वतः थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आजार नाही पण जनुक आहे असं, असेल तरी सहसा चालतं, त्यावरून उगाच घाबरू नका.

आणि दुसरा रस्ता आहे का हे विचाराच. सगळे मॅचच्या आनंदात हा प्रश्न विसरतात. आईचा किंवा बाबांचा अर्धा मॅच वापरून पण ट्रान्सप्लांट होतात, दात्रीसारख्या रजिस्ट्रीत अनोळखी डोनर शोधता येतो. बहुतेक वेळा डॉक्टर सांगतील की थॅलेसेमियात मॅच झालेलं भावंडच सगळ्यात सुरक्षित, आणि ते खरंय, लहान वय आणि लिव्हर ठीक असेल तर चांगल्या सेंटरमध्ये दहातली आठ-नऊ पोरं बरी होतात. पण मोठा माणूस तेवढ्याच चांगल्या प्रकारे देऊ शकत असेल तर लहान पोराला पुढे का करायचं, याचं उत्तर तुमच्याकडे पाहिजे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2010 साली लहान डोनरसाठी पाच अटी लिहून ठेवल्यात त्यातली पहिली हीच आहे. बाकीच्या म्हणजे दोघांचं नातं जवळचं पाहिजे, पेशंटला फायदा व्हायची खरी शक्यता पाहिजे, डोनरचा धोका कमीत कमी ठेवलेला पाहिजे, आणि आईवडिलांच्या परवानगीबरोबर पोराचा होकार पाहिजे.

कायद्याचं थोडं सांगते, कारण घरातली भांडणं इथेच अडकतात. अवयवदानाचा कायदा 1994 चा, 2011 मध्ये दुरुस्ती झाली आणि 2014 च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की 18 च्या खालच्या जिवंत मुलाकडून अवयव किंवा टिश्यू घ्यायचा नाही, अगदी अपवादात्मक वैद्यकीय कारण असेल तर ते सविस्तर नोंदवून, ऑथॉरिटी आणि राज्य सरकारची आधी परवानगी घेऊन. म्हणजे उद्या कोणी म्हणालं धाकट्याची किडनी मोठ्याला देऊ, तर ते घरच्यांच्या हातातच नाही. केरळात 2022 मध्ये 17 वर्षांच्या मुलीला वडिलांना लिव्हरचा तुकडा द्यायचा होता तर हायकोर्टात जावं लागलं, तिथे परवानगी मिळाली. बोन मॅरो परत भरून येतो म्हणून हॉस्पिटलं साधारण आईवडिलांच्या संमतीवर पुढे जातात, पण आमच्या पोराच्या बाबतीत कुठली परवानगी लागते ते त्यांना लेखी विचारा, लेखी. आणि बारा वर्षांखालच्या मुलासाठी पालकाची संमती जिथे कायद्यात धरलीय, पूर्वीचं आयपीसी 89 आणि आता न्याय संहितेचं कलम 27, तिथे शब्द आहेत त्या मुलाच्या 'भल्यासाठी'. मॅरो देण्यात मोठीचं शारीरिक भलं काहीच नव्हतं. भलं होतं ते असं की भाऊ जगला तर तिला भाऊ राहील. ते खरं भलं आहे, मी नाही म्हणत नाही, पण ते तिचं तिला वाटलं पाहिजे, आपण तिच्या नावावर लिहून टाकायचं नाही. इंग्लंडमध्ये तर यासाठी वेगळी सरकारी संस्था आहे, अजून स्वतः समजून संमती देता येत नाही अशा मुलाचा मॅरो घ्यायचा असेल तर बाहेरचा माणूस येऊन मुलाशी आणि घरच्यांशी बोलतो, मगच मंजुरी मिळते. आपल्याकडे तो बाहेरचा माणूस आपणच शोधायचा.

आणि हेच मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. डोनर पोराचा डॉक्टर वेगळा पाहिजे. ट्रान्सप्लांटची टीम चांगली असते, मनापासून काम करते, पण त्यांचा पेशंट धाकटा आहे. आमच्याकडे काउन्सेलर मोठीशी बोलली ती पाच मिनिटं, ताई शेजारी बसलेली, प्रश्न काय तर "तुला भाऊ आवडतो ना?" नऊ वर्षांची पोर यावर काय नाही म्हणणार? मग आम्ही तिच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञाकडे गेलो, जो तिला जन्मापासून बघतोय, आणि सांगितलं की आज तुमची पेशंट ही एकटीच आहे, भावाचं काही विचारू नका. त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं. पाऊण तास. तिची वेगळी फाइल केली, भुलीआधीच्या तपासण्या त्यांनी पण बघितल्या, हिमोग्लोबिन जरा कमी होतं म्हणून तारीख तीन आठवडे पुढे ढकलायला लावली. भाऊजी चिडले. पण टीमने ऐकलं.

पोराला विचारायचं कसं, तर एकदाच विचारून मोकळं व्हायचं नाही. निदान तीनदा, वेगवेगळ्या दिवशी, एकदा आईवडिलांशिवाय. चित्र काढून दाखवा, बाहुलीवर दाखवा. "देशील ना?" असं विचारू नका, त्यात उत्तर आधीच भरलेलं असतं. "तुला काय वाटतंय, कशाची भीती वाटते" असं विचारा आणि मग गप्प बसा, हे फार अवघड जातं आपल्याला. मोठीला सुईची भीती नव्हतीच, तिला भीती होती की आपण झोपलो असताना आई धाकट्याच्या खोलीत असेल. मग ठरवलं की त्या दिवशी आई तिच्याजवळ, धाकट्याजवळ बाबा. एवढ्यावर ती हो म्हणाली.

नाही म्हणायची शेवटची वेळ कुठली हे मात्र घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. ट्रान्सप्लांटच्या आधी पेशंटला काही दिवस जोरदार केमो देतात, त्याला कंडिशनिंग म्हणतात, त्यात त्याचा स्वतःचा मॅरो संपवतात. ती सुरू झाल्यावर डोनर मागे फिरला तर पेशंटच्या जिवावर बेततं. म्हणजे पोराचा होकार-नकार त्याच्या बराच आधी पक्का झालेला पाहिजे, आदल्या रात्री नव्हे. आम्ही कॅलेंडरवर तारीख लिहिली, या दिवसापर्यंत मोठीने नाही म्हटलं तर कोणी एक शब्द बोलणार नाही. लिहिताना भाऊजींचा हात थांबला होता, मी बघितलं.

नवरा-बायकोचं एकमत नसेल तर. ताई दोन महिने अडली होती, भाऊजी पहिल्या दिवसापासून तयार, आणि दोघंही दोन्ही पोरांवर जीव टाकणारे, त्यामुळे भांडण जास्त वाईट झालं. एकाने गुपचूप सही करून टाकायची नाही. आई पण नैसर्गिक पालक आहे, सुप्रीम कोर्टाने 1999 सालीच ते स्पष्ट केलंय, त्यामुळे 'बापाची सही पुरते' हे ऐकून घेऊ नका. हॉस्पिटलला सांगा की एथिक्स कमिटीसमोर बसवा, दोघांचे प्रश्न लिहून द्या. घटस्फोट झालेला असेल किंवा कोर्टात केस चालू असेल तर कस्टडीची ऑर्डर घेऊन वकिलाला आधी विचारा, ऑपरेशनच्या आठवड्यात नाही.

आता आजी. आजीने रोज सकाळी मोठीसमोर बीट-डाळिंबाचा रस ठेवायला सुरुवात केली, रक्त वाढव बाई. आठव्या दिवशी मोठीने ग्लास बाजूला सारला, "हा माझ्यासाठी आहे की त्याच्यासाठी?" आजी रडली, तिला खरंच कळलं नाही काय चुकलं. वर राखीला म्हणाली, दरवर्षी तो तुझं रक्षण करतो, यंदा तू कर. मोठी माणसं वाईट नसतात पण त्यांना काम द्या, नाहीतर ती बोलतात. आजीला आम्ही मोठीला शाळेत सोडायचं-आणायचं काम दिलं आणि एकच नियम, रस्त्यात हॉस्पिटलचा विषय नाही. येता-जाता दोघी भेळ खायच्या म्हणे.

मॅच असलेलं नवीन मूल जन्माला घालू का, हा प्रश्न पण खूप जण दबक्या आवाजात विचारतात. अहमदाबादला असं झालंय, एचएलए मॅच बघून आयव्हीएफने मुलगी झाली आणि मार्च 2020 मध्ये तिच्या मॅरोने थॅलेसेमियाच्या भावाचं ट्रान्सप्लांट झालं. निसर्गावर सोडलं तर निरोगी पण आणि मॅच पण अशी शक्यता 16 मध्ये 3. भ्रूणाची जनुकीय तपासणी कशासाठी करायची यावर 2021 च्या एआरटी कायद्यात (आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा) मर्यादा आहेत, त्या क्लिनिकला सरळ विचारा. माझं मत विचाराल तर ते मूल मॅच नसतं तरी हवं होतं का, एवढं दोघांनी एकमेकांना विचारून बघावं, बाकी मी कोण.

पैशाचं लवकर सांगते, कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना आहे, मॅच झालेला डोनर असेल तर 10 लाखांपर्यंत मदत मिळू शकते, हॉस्पिटलच्या सोशल वर्करला पहिल्याच भेटीत विचारा. डोनरच्या तपासण्या आणि नंतरच्या व्हिजिट कोणाच्या बिलात जाणार ते पण तेव्हाच.

नंतरचं. सगळं घर धाकट्याच्या रक्तपेशींच्या काउंटकडे डोळे लावून बसतं आणि डोनर पोर दोन दिवसांत 'बरी झाली' म्हणून सोडून देतात. तिची स्वतःची फॉलोअपची तारीख पाहिजे, हिमोग्लोबिन परत आलं का बघायला, आणि झोप, खाणं, चिडचिड बघायला. तिला आधीच सांगून ठेवा की तुझं काम पेशी द्यायचं होतं, ते झालं, पुढे त्याला ताप आला किंवा पेशी नाही रुजल्या तर ते तुझ्यामुळे नाही. धाकट्याला अंगावर पुरळ आलं तेव्हा मोठीने पहिला प्रश्न केला, माझं काही खराब होतं का.

आणि परत लागलं तर परत विचारायचं, पहिल्यापासून. ट्रान्सप्लांटला चौदा महिने झाले तेव्हा तपासणीत धाकट्यामध्ये मोठीच्या पेशींचं प्रमाण थोडं घसरलेलं दिसलं, डॉक्टर म्हणाले बूस्टर, म्हणजे मोठीच्या पेशी परत एकदा, लागू शकतो. ताईने मोठीला समोर बसवलं, कॅलेंडर काढलं, पेन तिच्याच हातात दिला. मोठीने विचारलं शाळेची सहल कधी आहे. रायगडला जाणार होते, 12 तारखेला. तिने 12 वर गोल केला आणि म्हणाली याच्यानंतर विचार.